पेटीतल्या चिठ्ठ्यांना उत्तर देण्याची लेखी मुभा द्या : शालेय शिक्षण विभागास खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई
मा. आयुक्त (शिक्षण), पुणे
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे

विषय : इयत्ता सहावीपासून शाळेत लैंगिक व प्रजनन आरोग्य शिक्षणाची नियमित तासिका सुरू करण्याबाबत आणि ती घेणाऱ्या शिक्षकांना शासनाचे लेखी संरक्षण मिळण्याबाबत.

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी बीड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत 23 वर्षांपासून विज्ञान शिकवते. प्रयोगशाळेच्या दारामागे मी बुटांच्या खोक्याची एक पेटी ठेवली आहे. तिच्या झाकणाला चीर पाडलेली आहे, शेजारी कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या आहेत, आणि नाव लिहायचे नाही एवढाच नियम आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी ती पेटी उघडते. सुरुवातीला तीत विज्ञानाचेच प्रश्न यायचे. मग एका शनिवारी एक चिठ्ठी निघाली की पाळीत लोणच्याला हात लावला तर ते खरेच नासते का, आणि नासत असेल तर हाताला असे काय लागलेले असते. पुढच्या आठवड्यात मुलाच्या अक्षरात आले की रात्री झोपेत कपडे ओले होतात, हा आजार असेल तर औषधाला किती पैसे लागतील. नंतर एकीने विचारले की मुलाने हात धरला तर दिवस जातात का. आणि गेल्या वर्षी पौषात एका चिठ्ठीवर एवढेच होते की नात्यातला एक मोठा मुलगा रात्री अंगावर हात टाकतो, कुणाला सांगू.

या चिठ्ठ्यांना वर्गात उत्तर देण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे 23 वर्षांच्या नोकरीनंतरही मला कोणी लेखी सांगितलेले नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2 या पाठ्यपुस्तकात मानवी प्रजननाचा पाठ आहे, हे मला ठाऊक आहे, कारण तो मीच शिकवते. त्यात ऋतुचक्र आहे, अंडपेशी आणि शुक्रपेशी आहेत, काचनलिकेतील फलन आणि सरोगसी यांचीही ओळख करून दिलेली आहे. माझ्या विद्यार्थिनी स्त्री-प्रजनन संस्थेची सुबक नामनिर्देशित आकृती काढतात आणि तिचे पूर्ण गुण मिळवतात. पण त्याच मुलींपैकी कितीजणींना ती आकृती आपल्याच ओटीपोटात आहे हे मनातून उमगलेले असते, याची मला खात्री देता येत नाही. शिवाय तो पाठ येतो दहावीत. पाळी सहावी-सातवीत सुरू होते. मधली तीन-चार वर्षे मुलगी जे ऐकते ते चुलीपाशी, पाणवठ्यावर आणि मैत्रिणीकडून, आणि मुलगा जे बघतो ते मोबाइलवर. 2020 च्या टाळेबंदीत ऑनलाइन वर्गासाठी आम्हीच पालकांना सांगितले की मुलाच्या हाती फोन द्या. तो फोन वर्ग पुन्हा भरल्यावरही त्याच्याच हाती राहिला. त्यावर दिसणाऱ्या गोष्टींत खरे काय, खोटे काय, आणि समोरच्या माणसाची इच्छा म्हणजे काय, हे त्याला सांगायला मात्र कोणी बसले नाही.

भाषेचा प्रश्नही इथे आहे, आणि तो मला किरकोळ वाटत नाही. घरात मुलीला पाळी आली की तिला कावळा शिवला, ती बाहेरची झाली, तिला अडचण आहे, असे म्हणतात. पहिल्या पाळीला न्हाण आले म्हणतात, आणि पदर आला म्हटले की त्यापाठोपाठ स्थळाची गोष्ट निघते. पुस्तकात ऋतुप्राप्ती आणि रजोनिवृत्ती असते. या दोन टोकांच्या मध्ये तेरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या शरीराबद्दल स्वतःच्या तोंडाने बोलता येईल असा शब्दच आम्ही तिला देत नाही. मुलाची स्थिती याहून वाईट आहे, कारण त्याच्या वाढत्या शरीराच्या एका अगदी स्वाभाविक घटनेला रूढ शब्दच स्वप्नदोष असा आहे. म्हणजे नावातच दोष. मग तो एसटी स्टँडच्या भिंतीवरची गुप्तरोगाची जाहिरात वाचतो, मजुरीतून वाचवलेले पैसे कुठल्याशा पुडीवर घालवतो आणि धात जाते म्हणून खंगत राहतो. माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलाने याच भीतीपोटी नववीत दोन महिने शाळा सोडली होती. त्याला परत आणायला त्याच्याशी वीस मिनिटे मोकळे बोलणे पुरले. ते बोलणे आमच्या क्रीडाशिक्षकांनी केले, आणि बोलण्याआधी त्यांनी खोलीचे दार लावून घेतले, कारण कोणी ऐकले तर काय होईल याची त्यांना धास्ती होती.

ही धास्ती कुठून आली ते मला सांगायलाच हवे. 2005 च्या सुमारास केंद्र सरकारने एड्स नियंत्रण संघटनेच्या साहाय्याने शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आखला. त्याचे साहित्य राज्यांकडे आले. 2007 मध्ये त्यातल्या चित्रांवरून आपल्या विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने तो कार्यक्रम बंद केला. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक अशा इतर राज्यांनीही तेच केले. चित्रे वयाला योग्य होती की नव्हती, यावर दोन मते असू शकतात, आणि नसतील योग्य तर ती बदलता आली असती. पण बदलण्याऐवजी विषयच उचलून बाजूला ठेवला गेला. मी तेव्हा नोकरीत नवी होते. आमच्या तालुक्यात प्रशिक्षणाला गेलेल्या शिक्षकांना तोंडी निरोप आला की साहित्य परत करा आणि याबद्दल वर्गात बोलू नका. तो निरोप कागदावर कधी आला नाही, त्यामुळे तो मागे घेतल्याचाही कागद कधी आला नाही. झारखंडने मात्र 2006 पासून उडान या नावाने असाच कार्यक्रम आपल्या शाळांत सुरू ठेवला, आसपासची राज्ये बंदी घालत असतानाही. तिथले आदिवासी पालक आपल्या पालकांहून कमी जपणारे आहेत, असे कोणी म्हणणार नाही.

आता कागदावर पाहिले तर कशाचीच उणीव नाही. जानेवारी 2014 पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी. त्याखाली ग्रामीण रुग्णालयांत मैत्री क्लिनिक आहेत. 2020 मध्ये आयुष्मान भारतखाली शालेय आरोग्याचा कार्यक्रम आला. त्यात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, एक स्त्री आणि एक पुरुष, आरोग्यदूत म्हणून नेमायचे आहेत आणि अकरा विषयांपैकी एक प्रजनन आरोग्य हा आहे. मार्च 2022 च्या शासन निर्णयाने मुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत सखी सावित्री समिती आली. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या 2020 च्या नियमांत तर स्पष्टच म्हटले आहे की मुलांच्या वयाला योग्य असे वैयक्तिक सुरक्षिततेचे शैक्षणिक साहित्य आणि अभ्यासक्रम केंद्र किंवा राज्य सरकारने तयार करावा. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 च्या निकालात व्यापक लैंगिक शिक्षणाची गरज सांगितली, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये असे मत नोंदवले की हे शिक्षण नववीपासून नव्हे, त्याआधीच्या वयापासून मिळायला हवे. एवढे सगळे असूनही माझ्या शाळेच्या वेळापत्रकात या विषयाची एकही तासिका नाही. आरोग्यदूत म्हणून ज्या दोघांची नावे ऑनलाइन भरली जातात, त्यांपैकी एक मी आहे. माझे प्रशिक्षण चित्रफिती पाहून झाले. त्या चित्रफितींत काय सांगायचे ते होते, पण समोर चाळीस मुले बसलेली असताना, मागच्या बाकावरून हसू फुटलेले असताना आणि खिडकीबाहेर गावातले कोणी उभे असताना ते कसे सांगायचे, हे त्यांत नव्हते.

आमच्या जिल्ह्यात या मौनाची किंमत काय आहे, ते आता लिहिते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेले होते. बीडमध्ये हे प्रमाण 43.7 टक्के आहे आणि शेजारच्या परभणीत 48 टक्के. म्हणजे माझ्या वर्गात ज्या वीस मुली बसतात त्यांतल्या आठ-नऊ जणी. त्या कोण असतील याचा अंदाज मला दिवाळीच्या सुमारास येतो. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाचा अर्धा कोयता, आणि अर्ध्याला उचलही अर्धी. मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. मुलीचे लग्न झाले की वयात आलेली मुलगी सहा महिने कोणाच्या भरवशावर ठेवायची हा आईबापांचा घोर संपतो. कारखान्याच्या तळावर कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नसते, आणि गावात म्हाताऱ्या आजीच्या डोळ्यांना दिसत नसते. हंगामी वसतिगृहे आहेत, पण ती वेळेवर सुरू होत नाहीत आणि मोठ्या मुलींना तिथे ठेवायला आईबाप धजत नाहीत. मी या आईबापांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर वेगळे काय केले असते, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

म्हणूनच मुलांना हे सगळे इतक्या लवकर कशाला सांगायचे, असे जेव्हा कोणी मुंबई-पुण्याच्या व्यासपीठावरून म्हणते, तेव्हा मला त्या व्यक्तीला हाताला धरून आमच्या गावात आणावेसे वाटते. इथे पंधराव्या वर्षी मुलीचा शरीरसंबंध सुरू करून दिला जातो, मांडव घालून, पत्रिका छापून, पंगत वाढून. फक्त त्याआधी तिला एक शब्दही सांगितला जात नाही. दिवस कसे जातात, ते कसे टाळता येतात, नको म्हणता येते का, दुखले तर ते सहन करायचे असते का, यांतले काहीही नाही. शिकवल्याने मुले बिघडतील ही भीती खरी असती तर मीही गप्प बसले असते. पण युनेस्कोने 2009 मध्ये आणि सुधारून 2018 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांच्यामागे देशोदेशीच्या अभ्यासांचा आढावा आहे, आणि त्याचा निष्कर्ष असा की असे शिक्षण मिळाल्याने मुले शरीरसंबंधांकडे लवकर वळत नाहीत.

यापुढची गोष्ट लग्नानंतरची आहे, पण तिचे मूळ शाळेतच आहे असे मला वाटते. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याची चर्चा झाली, तेव्हा राज्य शासनाने समिती नेमली. सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. आमच्याकडे गर्भाशयाला पिशवी म्हणतात, आणि पिशवी काढली हे वाक्य बायका दाढ काढली म्हणावे तितक्या सहज म्हणतात. त्यामागे खाड्याचा दंड आहे, मोळ्या डोक्यावर वाहण्याचे काम आहे, तळावर पाण्याची आणि संडासाची सोय नसणे आहे, पैशाच्या लोभाने शस्त्रक्रिया करणारेही आहेत. ही सगळी कारणे शाळा दूर करू शकणार नाही, याची मला जाणीव आहे. पण मी ज्या बायकांशी बोलले, त्यांतल्या बऱ्याच जणींच्या अंगावरून पांढरे जात होते किंवा पाळी अनियमित होती, आणि पिशवी राहिली तर कॅन्सर होईल एवढे एक वाक्य त्यांना पुरले होते. चौदाव्या वर्षी कोणी त्यांना सांगितले असते की पांढरे जाणे पुष्कळदा साध्या जंतुसंसर्गाने होते, तो गोळ्यांनी बरा होतो, नवऱ्यालाही उपचार घ्यावे लागू शकतात, आणि पिशवी काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, तर त्यांतल्या काही जणींनी तरी तो प्रश्न विचारला असता. त्यांतली एक माझी जुनी विद्यार्थिनी आहे. तिने आकृतीत गर्भाशयाचे नाव बिनचूक लिहिले होते. अठ्ठाविसाव्या वर्षी तिची पिशवी काढलेली होती.

ग्रामीण स्त्रीची ही अवस्था कोणाला ठाऊकच नव्हती असेही म्हणता येणार नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी करून 1989 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले होते आणि त्यांतल्या जेमतेम 8 टक्के स्त्रियांची त्याआधी कधी तशी तपासणी झालेली होती. त्याच कामातून पुढे किशोरवयीन मुलामुलींसाठीचे तारुण्यभान हे शिबिर उभे राहिले, मराठीत, मराठी मुलांच्या प्रश्नांवर, मुलगे आणि मुली एकत्र बसवून. म्हणजे कसे बोलायचे याचा नमुना शोधायला आपल्याला परदेशी जाण्याची गरज नाही. शंभर वर्षांपूर्वी र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र 1921 मध्ये सुरू केले आणि 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत समाजस्वास्थ्य मासिक चालवले. त्या मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि 1934 मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे तो खटला हरले. माझ्या पेटीतल्या चिठ्ठ्या वाचताना मला तो खटला नेहमी आठवतो, कारण प्रश्न अजूनही तेच आहेत आणि उत्तर देणाऱ्याची भीतीही.

आता त्या पौषातल्या चिठ्ठीकडे येते. पोक्सो कायदा नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. त्याच्या कलम 19 प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळते, त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे. संस्थाप्रमुखाला ती अधिक आहे. हे योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चिठ्ठीवर नाव नव्हते. मी पुढच्या आठवड्यात सातवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गात जाऊन सांगितले की कोणी नको असा स्पर्श करत असेल तर त्यात तुमची चूक नसते, 1098 हा मुलांसाठीचा मदतक्रमांक फुकट आहे, आणि मला येऊन भेटा. चौथ्या दिवशी एक मुलगी आली. ती कोणत्या वर्गातली हेही मी लिहिणार नाही. मी तिला ऐकले, कायद्याप्रमाणे कळवले, आणि त्यानंतरचे तीन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत कठीण होते. तिचे नातेवाईक शाळेत आले. शाळा चालवणाऱ्यांनी मला विचारले की तुम्ही वर्गात असले काही बोललातच कशाला, तुम्ही बोलला नसता तर हे प्रकरण शाळेत आलेच नसते. मुलगी आता सुरक्षित आहे आणि शिकते आहे. पण त्या तीन महिन्यांत माझ्याजवळ दाखवायला एक ओळीचाही आदेश नव्हता की मी वर्गात जे बोलले ते माझे कर्तव्य होते. आमच्या शाळेतल्या दुसऱ्या एका तरुण शिक्षिकेने हे सगळे पाहिले आणि मला शांतपणे सांगितले की ती अशी पेटी कधीही ठेवणार नाही. तिला मी काय उत्तर देणार होते?

याच कायद्याची दुसरी बाजूही शिक्षकांना कोणी समजावून सांगितलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानंतर अठरा वर्षांखालील पत्नीशी संबंध हाही गुन्हा आहे. त्यामुळे सोळा वर्षांची विवाहित मुलगी गरोदर राहिली की दवाखान्यात नाव नोंदवायला घरचे घाबरतात आणि तिची तपासणीच होत नाही. गर्भपाताची वेळ आली तर ती आणखी अंधारात ढकलली जाते. सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 रोजी स्पष्ट केले आहे की अल्पवयीन मुलगी संमतीच्या संबंधातून गरोदर असेल आणि गर्भपातासाठी आली असेल, तर तिच्या आणि पालकांच्या विनंतीवरून डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. हे ज्या मुलीला कळायला हवे तिला कोण सांगणार? गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतो आणि तोही त्याच पंगतीत जेवायला बसलेला असतो. राहते शाळा.

पालकांचा विरोध होईल असे आपल्याला सांगितले जात असेल. माझा अनुभव असा की विरोध विषयाला कमी असतो आणि लपवाछपवीला जास्त. मी पालकसभेत आयांना आधीच सांगते की मी अमुक दिवशी पाळीविषयी बोलणार आहे, अमुक सांगणार आहे, तुम्हाला बसायचे तर मागे बसा. पहिल्या वर्षी दोघी बसल्या, तिसऱ्या वर्षी खोली पुरेना. त्यांतल्या एका आजीने तास संपल्यावर मला विचारले की एवढे मला आधी का नाही सांगितले कोणी. वडिलांशी बोलणे अवघड जाते, हे मान्य करते. त्यासाठी पुरुष शिक्षक तयार व्हायला हवेत, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर वर्षातून दोनदा सभेला आले तरी पुष्कळ होईल.

माझी मागणी मोठी नाही. राज्याचा नवा शालेय अभ्यासक्रम 2025-26 पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला आहे, पुढची पुस्तके घडत आहेत, म्हणजे हे करायला याहून सोयीची वेळ येणार नाही. सहावीपासून आठवड्याला एक तासिका वेळापत्रकात छापून द्यावी. त्या तासिकेत सहावी-सातवीत शरीरातले बदल, पाळी आणि नको असलेला स्पर्श यांबद्दल बोलता यावे, आठवीत प्रजनन, फोनवरची चित्रे आणि समोरच्याचा होकार-नकार, नववी-दहावीत संततिनियमन, लैंगिक आजार आणि लग्नाचा व पोक्सोचा कायदा. ऊसतोडीला जाणारी मुले सहा महिने वर्गात नसतात, म्हणून तोच भाग हंगामी वसतिगृहात आणि पुढच्या इयत्तेच्या सुरुवातीला पुन्हा घ्यावा लागेल. मुलगे आणि मुली दोघांनाही सगळे शिकवावे. पाळीचा तास आला की मुलांना मैदानावर पाठवण्याची आमची सवय मोडायला हवी, कारण उद्या त्यांच्याच घरात ही मुलगी नांदणार असते. प्रशिक्षण समोरासमोर, किमान तीन दिवसांचे, आणि दोन्ही आरोग्यदूतांना एकत्र द्यावे. मैत्री क्लिनिकची वेळ शाळेच्या वेळेनंतरही असावी आणि तिचा फलक शाळेत लागावा. सॅनिटरी पॅडसाठी अस्मिता योजना 2018 मध्ये आली तेव्हा जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत मिळण्याची सोय झाली होती. त्या वेळी मुली पाकीट घेताना तरी पाळीविषयी दोन शब्द बोलत, एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे. वस्तू देतानाच बोलणे सुरू होते, तर बोलण्याचीच तासिका दिल्यावर काय होईल, याचा आपण विचार करावा.

आणि या सगळ्याआधी एक शासन निर्णय काढावा. त्यात असे लिहिलेले असावे की मान्य अभ्यासक्रमाप्रमाणे लैंगिक व प्रजनन आरोग्याविषयी वर्गात बोलणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, त्याबद्दल कोणतीही संस्था किंवा अधिकारी त्याच्यावर कारवाई करणार नाही, आणि विद्यार्थ्याने सांगितलेल्या अत्याचाराची माहिती कळवणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी गटशिक्षणाधिकारी उभा राहील. सोबत हेही स्पष्ट असावे की 2007 चा तोंडी निरोप आता अस्तित्वात नाही. तासिकेला वेळ लागेल, पुस्तकाला त्याहून जास्त लागेल, पण या एका कागदाला पैसे लागत नाहीत. तो असता तर त्या तीन महिन्यांत मी एकटी नसते, आणि माझ्या त्या तरुण सहकारी शिक्षिकेनेही कदाचित पेटी ठेवली असती.

या शनिवारी पेटीत चार चिठ्ठ्या होत्या. दोन विज्ञानाच्या होत्या. तिसरीत एका मुलाने विचारले आहे की लग्न झालेल्या बहिणीला पाळीत शेतात झोपवतात, तर ती आजारी पडू नये म्हणून मी काय करू. चौथीत आहे की माझे लग्न फाल्गुनात ठरले आहे, मला नको आहे, पण बाई, तुम्ही कोणाला सांगू नका. अक्षर मी ओळखले आहे. तिच्यासाठी सोमवारी जे करायचे ते मी कायद्याप्रमाणे करणारच आहे. आपल्या कार्यालयाकडून मला लेखी उत्तर हवे आहे ते तिसऱ्या चिठ्ठीसारख्या प्रश्नांना वर्गात, दार उघडे ठेवून, उत्तर देता येईल की नाही याचे.

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका
जिल्हा बीड